दुपारी तीनला कुत्रं पुन्हा उन्हात का येतं?

सकाळी साडेसातला मैदानावर पोचायचं, कॅनोपी, म्हणजे चार पायांचा उघडमिटीचा छताचा तंबू, उभारायची, खाली कुत्र्यांचे क्रेट म्हणजे पिंजरे मांडायचे, पाण्याचं भांडं भरायचं आणि निवांत व्हायचं. दुपारी स्पर्धेच्या रिंगमधून परत यावं तर क्रेटच्या अर्ध्या भागात ऊन आलेलं, कुत्रं मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं आणि भांड्यातलं पाणी कोमट. मग क्रेट ओढायचे. तासाभराने पुन्हा ओढायचे. श्वानस्पर्धांना किंवा कुत्र्यांना घेऊन कॅम्पिंगला जाणाऱ्या बहुतेकांना हे पाठ असतं, आणि बहुतेक जण त्यावर एकच इलाज करतात. पुढच्या वेळी आणखी मोठी कॅनोपी घेतात. मीही घेतली. तीन बाय तीन मीटरची होती, तीन बाय साडेचारची आणली. क्रेट ओढायचं अंतर तेवढं वाढलं.

नवीन तंबूवर पैसे घालण्याआधी जुन्याचं नेमकं काय बिघडतंय हे एकदा नीट बघायला हवं. माझ्या अनुभवात तक्रारी ठरलेल्या असतात: सावली सरकते, सावली असून उकडतं, वाऱ्याने उडतं, पावसात छताला पाण्याचं पोट सुटतं. त्यातल्या पहिल्या दोन कुत्र्याच्या जिवाशी जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सावली सरकते

दुकानात छताचं माप सांगतात. सावलीचं माप कोणी सांगत नाही, कारण ती दिवसभर छताखाली राहतच नाही. सूर्य आकाशात तासाला १५ अंश पुढे जातो. त्याचा आपल्या मांडवावर काय परिणाम होतो हे बघायला यंत्र लागत नाही, स्वतःची सावली पुरते. मोकळ्या जागेत सरळ उभे राहा. सावली बरोबर तुमच्या उंचीएवढी पडली असेल तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. अशा वेळी छताची सावलीही छताच्या उंचीएवढी बाजूला गेलेली असते. छताची कड जमिनीपासून २ मीटर उंच आणि कॅनोपी ३ मीटर रुंद धरली, तर प्रत्यक्ष छताखाली उरते फक्त १ मीटरची पट्टी. उरलेली २ मीटर सावली बाहेर, बहुधा शेजाऱ्याच्या खुर्च्यांवर. तुमची सावली तुमच्या उंचीच्या दीडपट झाली की छताखाली सावली नावालाही उरत नाही. एका स्पर्धेत संध्याकाळपर्यंत माझ्या कॅनोपीच्या सरकलेल्या सावलीत शेजाऱ्यांची दोन पगं घोरत होती आणि मी माझ्या लॅब्राडोरला घेऊन गाडीच्या सावलीत बसलो होतो.

आता त्या १ मीटरच्या पट्टीत काय मावतं? मोठ्या लॅब्राडोरचा क्रेट साधारण १०७ सेंटिमीटर लांब आणि ७१ सेंटिमीटर रुंद असतो. ते शेजारी शेजारी उभे लावले तर ३ मीटरमध्ये जेमतेम चार बसतात, तेही तोंडाकडचा थोडा भाग उन्हात ठेवून. म्हणजे 'नऊ चौरस मीटरचा तंबू आहे, आठ कुत्री सहज मावतील' हा हिशेब फक्त भर दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाच खरा.

यावर पहिला इलाज फुकट आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला झुकतो, म्हणून सावली पूर्वेकडे जाते. तेव्हा कॅनोपी उभारताना तिच्या पूर्वेला रिकामी जागा ठेवा आणि क्रेट सुरुवातीपासूनच पूर्वेच्या कडेला लावा. सकाळचं ऊन त्यांच्यावर येईल, पण सकाळचं ऊन एका चादरीने आडवता येतं. गर्दीच्या मैदानावर ओळीने कॅनोप्या लागतात तिथे ओळीचं पूर्वेकडचं टोक मिळवण्यासाठी मी अर्धा तास लवकर उठतो. कोणाला कारण सांगत नाही.

दुसरा इलाज उंचीचा. कॅनोपीच्या पायांना सहसा दोन-तीन टप्प्यांची भोकं असतात आणि आपण सवयीने सगळ्यात वरचा टप्पा लावतो, कारण आपल्याला उभं राहायचं असतं. कुत्र्याला उभं राहायला २ मीटर लागत नाहीत. छत जितकं खाली तितकी सावली कमी सरकते, हे वरच्याच हिशेबातून निघतं. कड १.४ मीटरवर आणली तर ४५ अंशांच्या उन्हात पट्टी १ मीटरची १.६ मीटर होते. आपल्याला वाकून आत जावं लागतं, एवढाच त्रास. संपूर्ण तंबू खाली आणायचा नसेल तर उन्हाच्या बाजूचे दोन पाय एकेक टप्पा खाली घ्या. छत उन्हाकडे झुकतं आणि पाऊस आला तर पाणीही त्याच बाजूने उतरतं.

तिसरा इलाज मला सगळ्यात आवडतो. उन्हाच्या बाजूच्या कडेपासून एक कापड तिरकं बाहेर ताणायचं आणि त्याची खालची दोन टोकं खुंट्यांना बांधायची. घराच्या ओसरीवर पडवी उतरवतात तसं. उभी भिंत लावली की वारा अडतो, आत कोंडल्यासारखं होतं. तिरकं कापड ऊन अडवतं आणि खालून वारा येऊ देतं. त्यासाठी कॅनोपीबरोबर मिळणारी बंद भिंत वापरू नका, शेडनेट वापरा. ७५ टक्क्यांच्या आसपास ऊन अडवणारी जाळी पुरते. जाळीतून वारा जातो, म्हणून ती शिडासारखी फुगत नाही.

तंबू निवडताना यातून एक गोष्ट निघते. तिरक्या पायांची कॅनोपी स्वस्त आणि हलकी असते, पण तिच्यावर लिहिलेलं माप बहुतेकदा पायांच्या तळाशी घेतलेलं असतं. तळाला १० बाय १० फूट असली तरी वर छत ८ बाय ८ भरतं. म्हणजे १०० चौरस फुटांऐवजी ६४. एक तृतीयांशाहून जास्त सावली दुकानातच गेली. सरळ पायांचीच घ्या आणि छताचं माप टेपने मोजून घ्या. लाजू नका.

सावली आहे, तरी कुत्रं धापा टाकतंय

ही तक्रार ऐकली की मी आधी हात वर करायला सांगतो. भर दुपारी छताच्या खाली वीतभर अंतरावर तळहात धरा. तव्यावर हात धरल्यासारखी झळ लागली तर छतच शेगडी झालं आहे. गडद रंगाचं कापड ऊन शोषून स्वतः तापतं आणि ती उष्णता खाली फेकतं. खाली बसलेल्या आपल्या डोक्याला ती जाणवते, आणि क्रेटमध्ये झोपलेल्या कुत्र्याला तर दिवसभर.

लेबलवरचं 'यूपीएफ ५०+' वाचून इथे फसगत होते. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. चांगलंच आहे, पण अतिनील किरण हा सूर्याच्या उष्णतेचा अगदी छोटा हिस्सा आहे. उष्णतेतला मोठा वाटा दृश्य प्रकाशाचा आणि अवरक्त किरणांचा, आणि त्याबद्दल ते लेबल काहीच सांगत नाही. डेनियरचंही तसंच. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ३०० डेनियर हा १५० पेक्षा जाड धागा, म्हणून टिकायला बरा. गार मात्र त्याने होत नाही.

त्यापेक्षा कापड उन्हाकडे धरून बघा. पलीकडच्या हाताची आकृती स्पष्ट दिसली तर कापड पातळ आहे. आतून चंदेरी लेप असेल आणि बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग असेल तर उत्तम. आधीच गडद कॅनोपी घेऊन ठेवली असेल तर टाकून देऊ नका. तिच्यावर चंदेरी शेडनेट टाका, पण दोन्हींमध्ये वीतभर फट राहू द्या. ऊन वरच्या जाळीवरच परतून जातं आणि फटीतून वारा खेळतो. दोन्ही कापडं एकमेकांना चिकटली तर अर्धा फायदा गेला. फट ठेवायला मी चार टेनिसचे चेंडू छताच्या चार दिशांना सुतळीने बांधतो. दिसायला हास्यास्पद आहे, काम मात्र होतं.

छताच्या मध्यभागी वरती झाकणासारखी फट असते, तिला 'विंड व्हेंट' म्हणतात. ती वाऱ्यासाठी असते असं नाव सांगतं, पण उकाड्यात तिचा दुसरा उपयोग आहे. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. अशी फट नसलेल्या तंबूच्या तीन भिंती लावून कुत्र्याला आत ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. समुद्रकिनाऱ्यावर वापरतात ते क्षणात उघडणारे छोटे अर्धे तंबू याच कारणाने धोक्याचे ठरतात. तीन बाजूंनी बंद आणि छत हातभर उंचीवर. मागची खिडकी पूर्ण उघडत असेल तरच घ्या आणि ती नेहमी उघडी ठेवा.

जमिनीकडे कोणी बघत नाही. सकाळी दहाला कॅनोपी उभारली तर तिच्याखालची फरशी किंवा डांबर तोवर तीन तास तापलेलं असतं, आणि सावलीत आल्यावरही ते बराच वेळ उष्णता सोडत राहतं. म्हणून कॅनोपी लवकर उभारावी आणि जमीन तापलेली असेल तर क्रेट ठेवण्याआधी पाणी मारावं. जाळीचा उंच पलंग कुत्र्याला दिला तर पोटाखालून हवा जाते. गादीपेक्षा तो शंभर वेळा बरा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मीही बरीच वर्षं बाळगला. कॅनोपीखाली पंखा लावला, आपल्याला गार वाटलं, म्हणजे कुत्र्यालाही वाटलं असं आपण धरतो. आपल्याला पंख्याने गार वाटतं कारण आपल्या अंगभर घाम असतो आणि तो उडतो. कुत्र्याला असा घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. त्याचा मुख्य आधार धापा टाकणं, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडवणं. हवा दमट असेल तर तो ओलावाही नीट उडत नाही. कोरड्या केसांवर पंखा फिरवून फार हाती लागत नाही. पोट, मांड्यांच्या आतली बाजू आणि पंजे ओले करून मग पंखा लावा. मात्र ओला जाड टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, थोड्याच वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. क्रेटला चारी बाजूंनी ओली चादर लावणंही चुकीचं, आत नुसती वाफ साठते. तारेचा क्रेट घ्या, फक्त उन्हाची बाजू झाका.

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे त्यांच्यासाठी वरचं सगळं दुप्पट काटेकोर पाळावं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं. ते ४१ च्या वर गेलं की प्रकरण गंभीर. घट्ट दोरीसारखी लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल, उलटी यातलं काही दिसलं तर सावली दुरुस्त करत बसू नका. लगेच गार पाणी अंगावर ओतायला घ्या, वारा द्या, आणि ओतता ओतताच डॉक्टरकडे न्यायची तयारी करा. आधी गार करणं, मग नेणं, हा क्रम महत्त्वाचा.

वाऱ्याने उडतं

उडालेल्या प्रत्येक कॅनोपीचा मालक एकच वाक्य म्हणतो: 'वारा फार नव्हता हो.' खरं असतं ते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे २ किलो जोर लावतो. ४० च्या वाऱ्यात तो जवळजवळ ८ किलो होतो. ३ बाय ३ चं छत धरलं तर ढोबळमानाने १७ किलोचे ७० किलो झाले. झुळूक आहे असं म्हणता म्हणता एक झोत तेवढा येतो आणि पुरतो.

तंबूबरोबर मिळणाऱ्या वीतभर खुंट्या या हिशेबापुढे काहीच नाहीत. त्या पायाच्या पत्र्यातून सरळ खाली ठोकलेल्या असतात आणि सरळ वरच निघतात. खरं काम करते ती छताच्या कोपऱ्यापासून जमिनीकडे ४५ अंशांत उतरणारी ताणदोरी. तिची खुंटी डोकं तंबूपासून लांब झुकेल अशी, म्हणजे दोरीच्या ओढीला आडवी येईल अशी ठोका. भुसभुशीत मातीत रुंद पातीची किंवा स्क्रूसारखी फिरवून बसवायची खुंटी, कडक मुरमात लोखंडी सळईसारखी. निव्वळ वाळूत साधी खुंटी धरत नाही. तिथे पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल आडवी पुरायची आणि तिला दोरी बांधायची.

बऱ्याच मैदानांवर खुंटी ठोकायला मनाई असते, आणि डांबरावर ठोकणारच कशी. तिथे वजन. प्रत्येक पायाला १८ ते २० किलो धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दहा लिटरचा कॅन अर्धाच पुरतो. दहा लिटरच्या बादलीत कोरडी वाळू भरली तर १६ किलोच्या आसपास भरते, म्हणून वाळू बरी. वजन नुसतं पायाच्या तळाशी टेकवून ठेवलं तर कॅनोपी ते तिथेच सोडून निघून जाते. पट्टा वरच्या कोपऱ्याच्या सांध्याला अडकवून खाली वजनाशी घट्ट ताणा, आणि वजन जमिनीला टेकलेलं असू द्या. हवेत लोंबकळणारी वाळूची पिशवी झुलते, आणि तिच्या नेमक्या उंचीवर कुत्र्याचं डोकं असतं.

वारा मोजायला झाडांकडे बघा. धूळ आणि कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की वेग २० ते २८ च्या घरात. तेव्हा भिंती काढून घ्या. पानांनी भरलेली लहान झाडं पूर्ण डोलायला लागली की २९ ते ३८. त्या वेळी कॅनोपी उतरवायला सुरुवात करा, बाकीचे काय करतात ते बघत थांबू नका. वीज कडकडायला लागली तर लोखंडी सांगाड्याखाली आसरा घ्यायचा नाही, कुत्र्यांना घेऊन सरळ बंद गाडीत बसायचं.

आता माझी चूक सांगतो. चिमी, माझी लॅब्राडोर, २८ किलोची. एकदा 'दोनच मिनिटं' म्हणून तिचा पट्टा कॅनोपीच्या पायाला बांधला. समोरून कोणाचा तरी चेंडू घरंगळत गेला. चिमी उठली, पाय तिच्यामागे गेला, आणि वर छत उघडणाऱ्या कैचीच्या, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या, पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा सांधा 'टक्' करून तुटला. बसणाऱ्या उंटासारखी कॅनोपी एका गुडघ्यावर आली, छताचं कापड फडफडत चिमीच्या पाठीवर. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर दोन महिने ती कुठल्याही कॅनोपीखाली पाय ठेवायला तयार नव्हती. शेवटी अंगणात नुसता सांगाडा अर्धवट उघडून त्याखाली तिचं जेवण ठेवायला लागलो, मग कापड घातलं, मग उंची वाढवली. कुत्र्याला बांधायचंच असेल तर वेगळी स्क्रूची खुंटी, तीही ताणदोऱ्यांपासून लांब, पट्टा पूर्ण ताणला तरी दोरीला पोचणार नाही इतकी. ताणदोऱ्यांना फडक्याच्या चिंध्या बांधा. त्या माणसांसाठी, कुत्री कशीही शिरतात.

फडफड हाही निवडीचा मुद्दा आहे. सैल कापडाचा आवाज घाबरट कुत्र्याला दिवसभर छळतो. छताच्या आतल्या बाजूला कैचीच्या मधोमध बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या आहेत का ते बघून घ्या, आणि असल्या तर त्या खरोखर लावा. बहुतेकांच्या कधी उघडलेल्याच नसतात.

पावसात पोट सुटतं

कोपरा आणि मधला शेंडा यांच्यामध्ये कापड सैल असलं की तिथे पाणी साठतं. साठलं की आणखी खोल होतं, मग आणखी साठतं. एक चौरस मीटरभर सरासरी ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि ते सगळं एका कैचीच्या पट्टीवर. झाडूने खालून ढकललं की पाणी निघतं खरं, पण नेमकं क्रेटवर. पाऊस येण्याआधीच एका बाजूचे पाय एक टप्पा खाली घ्या, कापडाचे कोपरे खेचून ताठ करा. तरी पोट सुटलंच तर त्या भागाखाली वाकवलेला प्लॅस्टिकचा पाइप कमानीसारखा बसवा. रात्री कोणी जागं राहणार नसेल तर पावसाच्या अंदाजात पॉप-अप कॅनोपी उभी ठेवून झोपूच नका.

उघडत नाही, मिटत नाही

अर्ध्याहून जास्त वेळा आतली वेल्क्रोची पट्टी सोडायची राहिलेली असते किंवा चारातल्या एका पायाची कळ अडकलेली असते. जोर लावायच्या आधी चारी कोपरे फिरून बघा. कळ वाळूने बसली असेल तर पाणी आणि जुना टूथब्रश. तेल लावू नका, त्यावर आणखी वाळू बसते, लावायचाच तर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे. उघडताना कैची जिथे एकमेकींना छेदतात तिथे खालून धरून दोघांनी सारखं मागे सरकायचं. कोपरे ओढून किंवा छताला धक्के देऊन उघडलं की पट्ट्या वाकतात. एकदा वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही.

कॅम्पिंगला कॅनोपी न्यावी का

गाडी तंबूपर्यंत जात असेल तर न्या. चालत जायचं असेल तर विषय संपला, लोखंडी पॉप-अप कॅनोपी वीस किलोच्या घरात जाते. तिथे ताडपत्री. हलक्या नायलॉनची ३ बाय ४ मीटरची एक किलोच्या आसपास भरते, दोन झाडांमध्ये दोरी बांधली की छत तयार, आणि सूर्य सरकला की दोन खुंट्या हलवून छत बदलता येतं. सरकत्या सावलीवर तिच्याइतका सोपा इलाज कुठल्याच महागड्या तंबूत नाही. स्पर्धांनाही मी आता एक ताडपत्री नेतोच, कॅनोपीच्या पडवीसाठी. दोरी ताणायला एक सरकती गाठ शिका, म्हणजे दोरी भिजून सैल पडली तरी न सोडता ताणता येते. फांद्या वाळलेल्या नाहीत ना हे झाडाखाली शिरण्याआधी वर मान करून बघा. आणि ताडपत्री असो की कॅनोपी, तिच्याखाली स्टोव्ह पेटवायचा नाही.

मोठी छत्री वापरणारेही भेटतात. एका लहान कुत्र्याला, वारा नसताना, ठीक.

घेताना काय बघतो

आता कॅनोपी घ्यायची झाली तर दुकानातच ती स्वतः उघडून, मिटवून, पिशवीत भरून बघतो. विकणारा माणूस वीस वेळा सरावलेला असतो, त्याने उघडलेली बघून काही कळत नाही. पिशवी जरा सैल हवी, ओलं कापड कधीच पहिल्या घडीसारखं बसत नाही. पायांना किती टप्पे आहेत, सगळ्यात खालचा किती उंचीवर आहे, हे टेपने मोजतो. कैचीचे सांधे प्लॅस्टिकचे असतील तर ते सुटे मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारतो. सुटा सांधा मिळत नसेल तर चांगल्या कापडाचा तंबू एका बोटभर तुकड्यासाठी भंगारात जातो. अॅल्युमिनियम की लोखंड हा वाद मला फार महत्त्वाचा वाटत नाही. एकट्याने उचलायची असेल तर अॅल्युमिनियम, नाहीतर लोखंडाचं वजन वाऱ्यात कामीच येतं. समुद्रकाठी वापरणार असाल तर मात्र लोखंड गंजतं.

आणि घरी आल्यावर, कितीही दमलेले असा, कॅनोपी ओली असेल तर त्याच रात्री उघडून वाळत टाका. दव पडलेलं कापड सकाळी घाईने मिटून तसंच पिशवीत राहिलं की आतून काळे ठिपके धरतात, लेप चिकट होऊन सोलपटं निघतात, आणि पुढच्या पावसात तिथूनच गळतं. मी ती रात्रभर जिन्यात टांगून ठेवतो. चिमी तिच्याखाली झोपते.